384 चा आकडा आणि बंद दारं

पीएचडीसाठी संशोधन आराखडा लिहायला बसलात की "नमुन्याचा आकार" या ओळीपाशी हात थोडा अडखळतो. मग कुणीतरी सीनियर सांगतो, "384 लिही, कुणी विचारत नाही." आणि बहुतेक वेळा खरंच कुणी विचारत नाही. क्रेजसी आणि मॉर्गन या दोघांनी 1970 मध्ये एक तक्ता छापला. त्यातून हा आकडा आपल्याकडे आला आणि वाणिज्यपासून शिक्षणशास्त्रापर्यंत अनेक विभागांत मुक्कामालाच राहिला.

आकडा खोटा नाही. 1.96 चा वर्ग, गुणिले 0.25, भागिले 0.05 चा वर्ग. उत्तर येतं 384.16. म्हणजे लोकसंख्या लाखाची असो की कोटीची, 384 जणांना विचारलं तर शंभरातल्या 95 वेळा तुमची टक्केवारी खऱ्या टक्केवारीपासून पाचाच्या आत राहील. पण सूत्राच्या पोटात दोन अटी दडलेल्या आहेत. एक, प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी हवी. दोन, निवडलेल्या प्रत्येकाने उत्तर द्यायला हवं. पहिल्या अटीवर मेथडॉलॉजीच्या कोर्समध्ये निदान एखादं लेक्चर तरी होतं. दुसरीबद्दल मात्र शांतता असते. ही पोस्ट त्या दुसऱ्या अटीबद्दल आहे.

उदाहरण निवडणुकीच्या सर्वेक्षणांचं घेऊ. याचं कारण राजकारणाची आवड एवढंच नाही. समाजशास्त्रातल्या सर्वेक्षणांमध्ये हाच एक प्रकार असा आहे की ज्याचं खरं उत्तर ठरलेल्या दिवशी सगळ्यांसमोर येतं. "शेतकऱ्यांचा पीक विम्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन" या विषयावर तुम्ही 384 फॉर्म भरून घेतलेत आणि 62 टक्के समाधानी निघाले, तर ते 62 खरे की खोटे हे कुणालाच कधी कळणार नाही. तुमच्या थिसिसची मतमोजणी कधीच होत नाही. एक्झिट पोलवाल्यांची होते. म्हणून ते कुठे चुकतात हे पाहण्यात आपला स्वार्थ आहे.

1 जून 2024 ची संध्याकाळ आठवा. लोकसभेच्या सातव्या टप्प्याचं मतदान संपलं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 126अ नुसार पहिल्या टप्प्यापासून एक्झिट पोल दाखवायला बंदी होती, ती साडेसहाला उठली आणि सगळी चॅनेलं एकदम सुरू झाली. बहुतेकांचा आकडा एनडीएला 350 ते 400 च्या दरम्यान. ॲक्सिस माय इंडियाने 361 ते 401 दिले होते, तेही पाच लाखांहून जास्त लोकांशी बोलून. 3 जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी वर गेला. 4 जूनला एनडीए 293 वर थांबली, भाजप एकटा 240 वर, आणि सेन्सेक्स एका दिवसात 4,389 अंकांनी आपटला. टीव्हीवरचा आकडा पाहून सोमवारी शेअर घेतलेल्या माणसाला "सर्वेक्षणात थोडी चूक होतेच" असं सांगून बघा.

पाच लाख म्हणजे 384 च्या तेराशे पट. सूत्रानुसार चूक 0.15 टक्क्याच्याही आत यायला हवी. मग गेलं कुठे सगळं?

मतांचं जागांमध्ये रूपांतर करणं हा यातला एक मोठा भाग आहे, त्याकडे नंतर येऊ. आधी दाराबद्दल.

कोट्यवधी पत्रांची गोष्ट, अर्धीच सांगितलेली

1936 ची अमेरिका. लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी एक कोटी लोकांना नमुना मतपत्रिका टपालाने पाठवल्या. 23 लाखांहून जास्त भरून परत आल्या. दोन मुख्य उमेदवारांचाच हिशोब केला तर निष्कर्ष असा होता: रिपब्लिकन लँडन 57 टक्के, रूझवेल्ट 43. प्रत्यक्षात रूझवेल्टना 61 टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि लँडन 48 पैकी फक्त दोन राज्यं जिंकले. साप्ताहिक दोन वर्षांत बंद पडलं. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी साधारण पन्नास हजारांच्या नमुन्यावर रूझवेल्ट जिंकतील असं सांगितलं आणि ते रातोरात प्रसिद्ध झाले. (गॅलप यांचाही रूझवेल्टचा आकडा चार-पाच टक्क्यांनी कमी होता बरं का. विजेता बरोबर निघाला की टक्केवारी कुणी तपासत नाही. 1948 मध्ये विजेताही चुकला, तेव्हा मात्र सगळ्यांनी तपासली.)

पाठ्यपुस्तकात यापुढे एक वाक्य येतं: डायजेस्टने नावं टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या यादीतून घेतली होती, मंदीच्या काळात फोन आणि गाडी श्रीमंतांकडेच, म्हणून चूक झाली. नेटच्या परीक्षेला हे पुरतं. पण 1988 मध्ये पेव्हरिल स्क्वायर यांनी 1937 सालचं गॅलपचंच एक जुनं सर्वेक्षण उकरून काढलं. त्यात लोकांना विचारलं होतं की तुम्हाला डायजेस्टची मतपत्रिका आली होती का, आणि तुम्ही ती परत पाठवलीत का. स्क्वायर यांना दिसलं ते असं: यादी एकांगी होतीच, पण ज्यांना मतपत्रिका मिळाली त्या सगळ्यांनी ती परत पाठवली असती, तर निदान विजेता तरी बरोबर निघाला असता. रूझवेल्टवर चिडलेल्या लोकांनी उत्साहाने पत्रं धाडली. समाधानी लोकांनी मतपत्रिका टेबलावर ठेवली आणि विसरले.

म्हणजे गडबड यादीत होती तशीच, किंबहुना त्याहून जास्त, उत्तर देण्याच्या इच्छेत होती. यादी तुम्हाला दिसते, तपासता येते. न आलेलं पत्र दिसत नाही.

याचं गणित अगदी साधं आहे, वहीच्या शेवटच्या पानावर करून बघा. समजा एका गावात 1000 मतदार आहेत, 500 अ पक्षाचे आणि 500 ब पक्षाचे. तुम्ही सगळ्यांच्या दारी जाता. अ पक्षाचे 60 टक्के लोक बोलतात, ब पक्षाचे 50 टक्के. मिळालेले फॉर्म 300 आणि 250. टक्केवारी 54.5 आणि 45.5. मुळात बरोबरीची लढत, आणि तुमच्या तक्त्यात नऊ टक्क्यांची आघाडी! तुम्ही कुणाला चुकीचं नोंदवलं नाही, कुणी खोटंही बोललं नाही. आता गाव दहापट मोठं करा. आघाडी तीच राहील, फक्त तुमचा आत्मविश्वास वाढेल.

हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ शियाओ-ली मेंग यांनी 2018 मध्ये हेच नीट सूत्रात बसवलं. त्यांचा हिशोब 2016 च्या ट्रम्प निवडणुकीवर आहे. कोण उत्तर देतो आणि कोण ट्रम्पना मत देतो या दोन गोष्टींमधला सहसंबंध होता फक्त 0.005 च्या आसपास, तोही उणे. आपण असा सहसंबंध एसपीएसएसमध्ये पाहिला तर "नगण्य" लिहून पुढे जाऊ. पण तेवढ्यानेच असं होतं की अमेरिकेतल्या एक टक्का मतदारांची, म्हणजे साधारण 23 लाख लोकांची उत्तरं गोळा केली, तरी अचूकता खऱ्या अर्थाने यादृच्छिक निवडलेल्या 400 माणसांच्या नमुन्याइतकीच राहते. 23 लाख म्हणजे 400! मला विचाराल तर मेथडॉलॉजीच्या पहिल्याच तासाला हा पेपर द्यायला हवा. गणित जड आहे, पण प्रस्तावना वाचली तरी डोळे उघडतात.

तिसऱ्या फेरीला उघडलेलं दार

आता ब्रिटन, मे 2015. निवडणुकीच्या आदल्या दिवसापर्यंत सगळे पोल सांगत होते की हुजूर पक्ष आणि मजूर पक्ष बरोबरीत आहेत. निकालात हुजूर पक्ष साडेसहा टक्क्यांनी पुढे आणि स्पष्ट बहुमतात. तिथल्या संस्थांनी मग एक गोष्ट केली जी आपल्याकडे 2024 नंतरही झाली नाही: पॅट्रिक स्टर्गिस यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र चौकशी समिती नेमली आणि आपला कच्चा डेटा तिच्या हवाली केला. लोक शेवटच्या क्षणी फिरले का? लाजून खोटं बोलले का? समितीने सगळी कारणं तपासली आणि 2016 च्या अहवालात मुख्य दोष नमुन्यावर ठेवला. मजूर पक्षाचे मतदार नमुन्यांत जास्त आले होते.

हे कळलं कसं? निवडणुकीनंतर ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स नावाचं सर्वेक्षण झालं, अगदी जुन्या पद्धतीचं: पत्ते यादृच्छिक निवडायचे, माणूस भेटला नाही तर पुन्हा जायचं, पुन्हा नाही भेटला तर पुन्हा. त्याचा आकडा निकालाच्या जवळ आला. जॉन कर्टिस यांनी त्यात एक भारी गोष्ट पाहिली. पहिल्याच खेपेला जे लोक घरी सापडले, त्यांच्यात मजूर पक्ष सहा टक्क्यांनी पुढे होता. ज्यांना गाठायला तीन ते सहा खेपा कराव्या लागल्या, त्यांच्यात हुजूर पक्ष अकरा टक्क्यांनी पुढे.

पुन्हा वाचा. त्याच सर्वेक्षणात, तीच प्रश्नावली, तेच प्रशिक्षित मुलाखतकार. पहिल्या खेपेला थांबलात तर एक देश दिसतो, चौथ्या खेपेपर्यंत गेलात तर दुसरा.

आता हे आपल्या फिल्डवर आणून बघा. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यात सर्वेक्षणाला गेलात तर काही तांड्यांवर आणि वस्त्यांवर निम्मी घरं कुलूपबंद मिळतील. माणसं उसाच्या फडात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी थेट कर्नाटकात. घरी असतील म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. तुम्ही आजोबांना विचारून फॉर्म भरलात, वय-लिंग-जात सगळे रकाने पूर्ण झाले, पण ऊसतोड मजूर नमुन्यातून गेला. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत उलटं: वॉचमन गेटवरच अडवतो. मतदारयादीत नाव गावाकडे आणि माणूस नोकरीला चाकणला, हा तिसरा प्रकार. आणि चौथा, सगळ्यात नेहमीचा: दार बाई उघडतात आणि म्हणतात, "थांबा, ह्यांना बोलावते, त्यांना जास्त कळतं."

यातल्या प्रत्येक ठिकाणी सर्व्हेअर काय करतो? शेजारचं दार वाजवतो. त्याला फॉर्ममागे पैसे मिळतात, दिवसाला ठराविक फॉर्म भरायचेत, त्याला दोष देऊन उपयोग नाही. याला कागदोपत्री "बदली उत्तरदाता" म्हणतात. बदली माणूस त्याच वयाचा, त्याच जातीचा असतो, म्हणून कोटा भरतो. पण तो घरी सापडणारा आणि बोलायला तयार असलेला माणूस असतो. न बोलणाऱ्याची जागा बोलणाऱ्याने घेतली आणि रिपोर्टमध्ये त्याचा मागमूस राहिला नाही.

"मग वेटेज देऊन दुरुस्त करता येतं की!" काही अंशी येतं. स्त्रिया कमी आल्या तर त्यांच्या उत्तरांचं वजन वाढवा. पण वजन कशाच्या आधारावर? 2024 मध्ये निवडणुका झाल्या तेव्हा हाताशी जनगणना होती 2011 ची. अनुसूचित जाती-जमातींचे आकडे निदान जनगणनेत मिळतात, मराठा किंवा माळी किंवा धनगर किती टक्के याचे आकडे जनगणना देतच नाही, आणि महाराष्ट्रात पोलवाले हमखास जातींनुसार विश्लेषण करतात. शिवाय वजन तेव्हाच काम करतं, जेव्हा बोललेली बाई न बोललेल्या बाईसारखीच मत देते. नेमकं तेच तर आपल्याला माहीत नसतं.

या बाबतीत सीएसडीएसच्या लोकनीतीचं काम पाहण्यासारखं आहे. या संस्थेचा राष्ट्रीय निवडणूक अभ्यास 1967 मध्ये सुरू झाला आणि 1996 पासून प्रत्येक लोकसभेला होतो. आपल्या पुण्याचे सुहास पळशीकर दीर्घकाळ त्याच्या सहसंचालकपदावर राहिले. पद्धत थोडक्यात अशी: मतदारसंघ निवडायचे, त्यातली मतदान केंद्रं निवडायची, मग केंद्राच्या मतदारयादीतून ठराविक अंतराने नावं काढायची. हजार नावं आणि वीस माणसं हवीत तर प्रत्येक पन्नासावं नाव. सर्व्हेअरने कुणाकडे जायचं हे त्याच्या मर्जीवर नसतं, हातात नावांची यादी असते. मुलाखत मतदानकेंद्राबाहेर उभ्याउभ्या न घेता नंतर घरी जाऊन घेतली जाते. "मत कुणाला दिलं" हा प्रश्न तोंडी विचारत नाहीत. नमुना मतपत्रिका हातात देतात, माणूस खूण करून ती डब्यात टाकतो. गावच्या पारावर चार जण ऐकत उभे असताना या डब्याची किंमत कळते.

इथे एक तांत्रिक गोष्ट, कारण तुमच्या प्रपोजलला ती लगेच लागू होते. केंद्रं निवडून प्रत्येक केंद्रावर 25 जणांना विचारलं की ते 25 जण एकमेकांसारखे असतात. एकाच वस्तीतले, एकाच पुढाऱ्याच्या प्रभावाखालचे. त्यामुळे 40 केंद्रं गुणिले 25 म्हणजे 1000 असं दिसलं तरी माहिती हजारांची नसते. हे साम्य मोजणारा आकडा समजा 0.1 आहे. तर 1 अधिक 24 गुणिले 0.1, म्हणजे 3.4. हजाराला 3.4 ने भागा: 294. तुमचा हजारांचा नमुना प्रत्यक्षात तीनशेहून कमी माणसांचा, आणि चूक प्लस-मायनस 3.1 नाही तर 5.7. "चार महाविद्यालयांतून प्रत्येकी 96 विद्यार्थी, एकूण 384" असं ज्यांनी लिहिलंय त्यांनी हा हिशोब आज रात्रीच करावा. झोप लागेल याची हमी नाही.

दार उघडलं. आत मत आहे का?

आपण गृहीत धरतो की प्रत्येकाच्या डोक्यात मत तयार असतं, आपण फक्त जाऊन उचलून आणायचं. 1970 च्या दशकात सिनसिनाटी विद्यापीठात जॉर्ज बिशप आणि सहकाऱ्यांनी लोकांना "1975 चा पब्लिक अफेअर्स ॲक्ट" रद्द करावा का असं विचारलं. "माहीत नाही" हा पर्याय पुढे केला नाही. साधारण एक तृतीयांश लोकांनी मत दिलं. असा कायदाच नव्हता. पुढे 1995 मध्ये वॉशिंग्टन पोस्टने हाच प्रयोग थोडा फिरवला आणि काहींना सांगितलं की अध्यक्ष क्लिंटन यांना तो रद्द व्हायला हवाय, काहींना सांगितलं की रिपब्लिकनांना हवाय. मत देणाऱ्यांचं प्रमाण आणखी वाढलं. कायद्याची माहिती शून्य, पण बाजू कळली की मत तयार!

यावरून लोकांना मूर्ख ठरवणं सोपं आहे. जॉन झॅलर यांनी 1992 च्या पुस्तकात जास्त चांगलं स्पष्टीकरण दिलंय. माणसाच्या मनात एका विषयावर एकच पक्कं मत नसतं, अनेक उलटसुलट विचार असतात. प्रश्न विचारला की त्या क्षणी जो वर तरंगत असतो तो हाती लागतो. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती मे 2024 च्या सुरुवातीला उठली. त्या काळात लासलगावच्या शेतकऱ्याला आधी कांद्याच्या भावाबद्दल विचारा आणि मग सरकारच्या कामाबद्दल. दुसऱ्या शेतकऱ्याला आधी किसान सन्मानच्या हप्त्याबद्दल विचारा आणि मग तोच प्रश्न. उत्तरं वेगळी येणार आणि दोघंही खरं बोलत असणार. प्रश्नांचा क्रम हाच मापनाचा भाग असतो.

शब्दांचंही तेच. 1941 मध्ये डोनाल्ड रग यांनी अमेरिकेत अर्ध्या लोकांना विचारलं की लोकशाहीविरोधी भाषणांना परवानगी द्यावी का. 62 टक्के म्हणाले, देऊ नये. उरलेल्या अर्ध्यांना विचारलं की अशा भाषणांवर बंदी घालावी का. 46 टक्के म्हणाले, घालावी. तर्काने दोन्ही एकच. पण "बंदी" हा शब्द जड वाटतो.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिउ तर म्हणाले होते की जनमत नावाची गोष्टच अस्तित्वात नाही. त्यांचा आक्षेप असा: पोल गृहीत धरतो की सगळ्यांकडे मत असतं, सगळ्या मतांचं वजन सारखं असतं, आणि कोणते प्रश्न विचारण्यासारखे आहेत यावर सगळ्यांचं एकमत आहे. तिन्ही खोटं. मला स्वतःला तिसरा मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो. "पंतप्रधान म्हणून कोण हवं" हा प्रश्न दरवेळी विचारला जातो, "तुमच्या गावात टँकर किती दिवसांनी येतो" हा क्वचितच. मग पहिला मुद्दा निवडणुकीचा होतो, कारण त्याच्याकडे आकडा असतो.

आणि आपल्याकडे "हवा" असतेच. "हवा कुणाची आहे?" हा प्रश्न "तुम्ही मत कुणाला देणार?" यापेक्षा वेगळा आहे, पण उत्तर देणारा दोन्हींची सरमिसळ करतो. जर्मनीच्या एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी 1974 मध्ये मांडलं की आपलं मत अल्पसंख्य आहे असं वाटलं की माणूस गप्प बसतो, त्याच्या गप्प बसण्याने ते मत आणखीच अल्पसंख्य दिसतं, आणि आणखी लोक गप्प होतात. म्हणजे बंद दाराचं एक कारण हवासुद्धा असतं. 4 जून 2024 नंतर स्टुडिओत "सायलेंट व्होटर" हा शब्द भरपूर वापरला गेला. उत्तर प्रदेशात भाजपला 33 जागा मिळाल्या तेव्हा तर जास्तच. मला हे स्पष्टीकरण पळवाट वाटतं. मतदार गप्प होता तर तुमच्या फॉर्मवर "उत्तर दिलं नाही" किती होते ते दाखवा. तो आकडा मतदारसंघनिहाय छापला असता तर निकालाआधीच शंका आली असती.

मतांवरून जागांकडे

हे थोडक्यात, कारण तुमच्यापैकी फार जणांना लागणार नाही. महाराष्ट्र, लोकसभा 2024: महायुती आणि महाविकास आघाडी, दोघांनाही 43 ते 44 टक्क्यांच्या दरम्यान मतं. जागा 17 आणि 30, एक सांगलीचा अपक्ष. देशपातळीवर भाजपची मतं 2019 च्या तुलनेत एका टक्क्याच्या आसपासच घटली, जागा 303 वरून 240 वर आल्या. अशा लढतीत मतांचा अंदाज दोन टक्क्यांनी चुकला तरी जागांचा अंदाज कोसळतो. सहा महिन्यांनी विधानसभेला बहुतेक पोलनी महायुती पुढे आहे हे बरोबर सांगितलं, पण 230 चा आकडा बहुतेकांच्या पट्ट्याबाहेर होता. मतांची टक्केवारी न देता फक्त जागा सांगणारा पोल संशोधक म्हणून वाचूच नका. त्यात तपासण्यासारखं काही उरलेलं नसतं.

एक गोष्ट मात्र तुम्हालाही लागू आहे. 1 जूनला सगळे पोल एकाच पट्ट्यात कसे आले? वेगवेगळे नमुने असतील तर उत्तरं थोडी विखुरली पाहिजेत. सगळी एकाच जागी असतील तर दोन शक्यता: सगळ्यांची चूक एकसारखी आहे, किंवा कुणीतरी शेजारच्याची पाटी पाहून आपला आकडा सरकवलाय. 2015 च्या ब्रिटनमध्ये सर्व्हेशन या कंपनीच्या शेवटच्या पोलमध्ये हुजूर पक्ष सहा टक्क्यांनी पुढे होता, म्हणजे जवळपास बरोबर. बाकी सगळे बरोबरी दाखवत होते, म्हणून कंपनीने तो छापलाच नाही. नंतर प्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं की आपण कच खाल्ली. गाईडच्या अपेक्षेविरुद्ध निष्कर्ष आला की आपण काय करतो, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता तुमच्या आराखड्याकडे. 384 लिहायचं तर लिहा, पण त्याखाली दोन ओळी वाढवा: किती जणांकडे जाणार आणि प्रत्येकाकडे किती वेळा जाणार. फॉर्मच्या पहिल्या पानावर एक छोटा तक्ता छापून घ्या: पहिली भेट, दुसरी भेट, तिसरी भेट, प्रत्येकीची तारीख, वेळ आणि काय झालं. कुलूप, नकार, "नंतर या", परगावी, दुसऱ्यानेच उत्तर दिलं. भेटीच्या वेळा बदला. सकाळी अकराला गेलात तर संध्याकाळी सातला जा, निदान एक रविवार ठेवा. बाईंच्या नावाचा फॉर्म बाईंकडूनच भरून घ्या, त्यासाठी सोबत एखादी मुलगी सर्व्हेअर असेल तर उत्तम. नकार देणाऱ्याचं निदान घर कसं आहे, वस्ती कोणती, एवढं तरी टिपा. विश्लेषण करताना पहिल्या भेटीतली उत्तरं वेगळी काढा, तिसऱ्या भेटीतली वेगळी, आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवा. सारखे आले तर तुमच्या निष्कर्षावर जरा जास्त विश्वास ठेवता येईल. वेगळे आले तर तोच कदाचित तुमच्या प्रबंधातला सगळ्यात चांगला तक्ता असेल.

व्हायव्हाला कुणी विचारलं की 384 का, तर सूत्र सांगा. आणि त्या 384 साठी तुम्ही एकूण किती दारं वाजवलीत, हा आकडाही पाठ असू द्या.